पिशवीवरची बाई

माणूस निष्पाप जन्माला येतो. पुढे त्याला खरेदी करावी लागते. या मूलभूत अडचणीवर जबलपुरात नेपियर टाउनमधल्या ‘नीतिमंत’ या दुकानाने तोडगा काढला आहे. तिथला साबण घेतला की हात स्वच्छ होतात आणि मनही. (मनासाठी वेगळा साबण लागत नाही. किमतीत ते धरलेलं असतं.)

यामिनीताई दहीकर नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे नागपूरहून इथे आल्या आणि पहिल्या महिन्यातच ‘नीतिमंत’च्या झाल्या. तिथल्या प्रत्येक वस्तूला एक कार्ड असतं. त्यावर ती बनवणाऱ्याचा फोटो आणि त्याच्यावर आलेली संकटं. यामिनीताई आधी संकटं वाचत, मग वस्तू बघत. सुखी माणसाने केलेली वस्तू त्या घरात येऊ देत नसत.

“पापड वातड आहे गं,” विपुलराव एकदा जेवताना म्हणाले.

“त्या बाईचं घर दोनदा पुरात गेलंय.”

विपुलरावांनी आणखी एक पापड घेतला.

यामिनीताईंची सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे गोहलपूरच्या कुंदाबाईंची कापडी पिशवी. फोटोत विटकी साडी, गालावर हात, नजर कुठेतरी लांब. खाली लिहिलं होतं, ‘हिच्या प्रत्येक टाक्यात एक हुंदका आहे.’ अशा पिशव्या घरात इतक्या झाल्या, की त्या ठेवायला आणखी एक पिशवी घ्यावी लागली. शेवटी त्यांना वाटलं, या माउलीला प्रत्यक्ष भेटून धीर द्यावा. एका रविवारी त्या ऑटो करून गोहलपूरला गेल्या.

दारात नवी कोरी स्कूटी होती. आत तीन शिलाई मशिनी धडधडत होत्या आणि एक धडधाकट बाई फोनवर खो खो हसत होती. तीच कुंदाबाई.

“या न दीदी, काहून उभ्या राहिल्या? पंख्याखाली बसा. प्रणाली, चाय रख!”

यामिनीताई बसल्या, पण त्यांना धीर कुठे ठेवावा कळेना.

“फोटोत तुमच्या डोळ्यांत केवढं दुःख आहे,” त्या म्हणाल्या.

“ते होय! त्या दिवशी दाढ ठणकून राहिली होती. मी म्हटलं उद्या फोटो घ्या, तर दुकानवाले अजिंक्य भैया म्हणे, नाही नाही, बस ऐसेही बैठो.” कुंदाबाई पुन्हा हसली. “अच्छा, पिशव्या पाहिजेत तर दुकानातून काहून घेता? इथूनच घ्या. निम्म्यात देते.”

“त्याला कार्ड असेल?”

“कार्ड नाही. पिशवी असते.”

यामिनीताई रिकाम्या हाताने परतल्या. आपण एका हसऱ्या बाईला वर्षभर मदत करत होतो, हे त्यांच्या फार मनाला लागलं. संध्याकाळी त्यांनी दुकानाचे मालक अजिंक्य यांना फोन केला आणि झालेल्या फसवणुकीबद्दल सांगितलं.

‘नीतिमंत’मध्ये तक्रारीची दखल घेतली जाते. दुकानाच्याच पाहणीनुसार शंभरातल्या ब्याण्णव ग्राहकांना कारागिराचं भलं व्हावं असं वाटतं. पैकी सत्त्याऐंशींना ते आपल्या पुढच्या खरेदीनंतर व्हावं असं वाटतं. (उरलेले पाच जण आत फक्त एसीसाठी आले होते.) तेव्हा रीतसर ठराव झाला: कुंदाबाई दुकानाच्या प्रयत्नांनी सक्षम झाल्या आहेत, सबब त्यांचं काम बंद करण्यात येत आहे. सोबत अभिनंदनाची शाल होती.

कुंदाबाईला दुसरं मोठं गिऱ्हाईक नव्हतं. आधी स्कूटी गेली, मग दोन मशिनी. मशिनीवर बसणाऱ्या प्रणालीलाही घरी बसायला सांगावं लागलं. मग एके दिवशी ती बसने दुकानात गेली.

“कुंदाबाई, तुमचं तर आता चांगलं चाललंय!” अजिंक्य कौतुकाने म्हणाले.

“चालत होतं भैया. तुम्ही काम बंद केलं न, आता नाही चालून राहिलं.”

अजिंक्यांचा चेहरा उजळला. “अरे, मग तुम्ही परत पात्र आहात!”

फोटो लगेच काढला. दाढ अजिबात ठणकत नव्हती. तरी पहिल्यापेक्षा चांगला आला. नव्या कार्डावर छापलं, ‘कुणा खात्यापित्या घरच्या बाईच्या तक्रारीने हिच्या हातचं काम गेलं.’

पुढच्या आठवड्यात यामिनीताईंनी ते कार्ड दुकानात उभ्या उभ्या वाचलं. त्यांचे डोळे भरून आले.

“कोण असेल हो ती दुष्ट बाई?” त्यांनी काउंटरवर विचारलं आणि सहा पिशव्या घेतल्या.

कुंदाबाईचं आता पुन्हा छान चाललं आहे. प्रणालीही कामावर आली. ही आनंदाची बातमी कथेच्या पहिल्याच ओळीत देता आली असती. पण तशी दिली असती तर आपण इथवर वाचत आला नसता, असं संपादकांचं म्हणणं पडलं. आणि आपला त्यांना बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे.