मुक्या पंपाचा तपास

मी तिसरी यत्ता शिकले. पुढेही शिकले असते, पण चौथीच्या पहिल्याच दिवशी गुरुजींची छत्री हरवली आणि तिचा तपास मी लावला. छत्री गुरुजी स्वतःच हेडमास्तरांच्या घरी विसरले होते, हे मी भर वर्गात सांगितलं. त्यानंतर माझं आणि शाळेचं जमलं नाही.

पण शिक्षण वेगळं आणि नजर वेगळी. टोपलीतल्या वरच्या बोंबलाचा चेहरा बघून खालचे कालचे आहेत हे मी ओळखते. विरारला, मनवेलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाकडे पाहुणे आलेत आणि ते कधी जावेत असं घरच्यांना वाटतंय, हे मी दारातल्या चपलांवरून सांगते. आतापर्यंत मी एकवीस प्रकरणं सोडवली. त्यातली चार बरोबरही निघाली.

माझी सून हेमांगी ही माझी मदतनीस. तिला पगार नाही, रजा नाही, आणि मदतनीस केलं तेही तिला विचारून नाही.

तपासाशिवाय माझा दुसरा मान म्हणजे मी धवलारीण. आमच्या आगरी लग्नात हळद आधी जात्यावर दळतात, आणि जात्यात पहिली मूठ पडते ती धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाणाऱ्या बाईच्या आवाजावर. ती बाई म्हणजे धवलारीण. वर्षभरापूर्वीपर्यंत हा मान माझ्या थोरल्या जावेचा, उमेळ्याच्या बायजाचा होता. मग तुळिंजच्या एका हळदीला बायजा वेळेवर आलीच नाही. आली तेव्हा जेवणाची भांडी घासून झाली होती. "घसा धरलाय," एवढंच म्हणाली आणि कोपऱ्यात बसली. तिच्या जागी मी गायले. तेव्हापासून पहिलं बोलावणं मला येऊ लागलं.

ते घशाचं प्रकरणही मीच सोडवलं होतं. घसा धरलेली बाई आल्याचा चहा मागते. बायजाने मागितला नाही. म्हणजे आवाज गेलाय, कायमचा गेलाय, आणि ती तोंड लपवतेय. हा निष्कर्ष मी चार गावांत पोचवला, तोही फुकट.

तर त्या दिवशी उमेळ्याला श्रीपतभावोजींच्या मुलाची हळद होती. घर बायजाच्या अगदी समोर, वेळ संध्याकाळी पाचची. भावोजींकडे जातं नव्हतं, मिक्सर होता. "समोर बायजावहिनींचं जातं आहे, ते आणतो," असं ते फोनवर म्हणाले. मी म्हटलं, मी बसणार तर जातं माझं. ते म्हणाले, "ठीक आहे, पण पाचला या. सहाला नवरीकडची माणसं येतील. उशीर झाला तर मला वहिनींचं जातं मांडावं लागेल."

जात्यामागे कोण येऊन बसलं असतं, हे सांगायला तपास लागत नाही.

सकाळी माझा मुलगा धनेश गाडी घेऊन फुलं आणायला गेला आणि आला. गाडी लोण्यासारखी चालली. दुपारी अडीचला जातं खाली आणलं. धनेशने डिकी उघडली, जातं छातीशी धरून उभा राहिला आणि विचारलं, "आई, खाली गोधडी टाकू?"

"नवी गोधडी? दगडाखाली?"

"हळू ठेवायला बरं पडेल."

"दगडाला काय लागतंय? टाक!"

त्याने टाकलं. गाडी मागून खाली बसली आणि परत उभी राहिली. मी नऊवारी सावरून पुढच्या सीटवर बसले. धनेशने चावी फिरवली. गाडी खर्र खर्र खर्र करत राहिली, पण इंजिन काही पकडेना.

"पेट्रोल?" मी विचारलं.

"सकाळीच टाकलंय."

मी खाली उतरले, कमरेवर हात ठेवला आणि हेमांगीला म्हटलं, "लिहून घे. घातपात."

"आई, रिक्षा बोलवू?" ती म्हणाली.

आता इथे एक कबुली द्यायला हवी. मागच्याच महिन्यात, बायजा एका हळदीला रिक्षातून उतरली तेव्हा मी पन्नास बायकांसमोर म्हटलं होतं की धवलारीण रिक्षातून आली की अर्धा मान रिक्षातच राहतो. आता पूर्ण मान घरी राहायची वेळ आली होती, तरी मी हेमांगीला म्हटलं, "रिक्षाचं नाव काढू नको."

तपासाची माझी एक पद्धत आहे. आधी वेळ धरायची. सकाळी गाडी चालली, अडीचला बंद. मधल्या वेळात गाडी जागेवरून हलली नाही. म्हणजे जे झालं ते इथेच, पार्किंगमध्ये झालं.

"या वेळात गाडीजवळ कोन कोन आलं?" मी विचारलं.

हेमांगी म्हणाली, "सेक्रेटरी सुधाकरराव आले होते. टपावर मांजर बसली होती. आणि आपण."

"आपल्याला वगळ."

"का?"

"तपास करणारा माणूस गुन्हा करत नसतो. नायतर तपासाला वेळ कधी मिळेल?"

सुधाकरराव म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. आमची गाडी पांढऱ्या रेषेच्या सहा इंच बाहेर असते म्हणून आठवड्याला एक नोटीस ते आम्हाला लावतात. हेतू तयारच होता. मी त्यांना खाली बोलावलं. आले ते टेप घेऊनच आले. मी त्यांच्या बोटांकडे पाहिलं. बोटं तेलकट, पिवळी.

"सुधाकरराव, गाडीला हात लावलात तुम्ही. बोटाला तेल आहे."

"हे लोणच्याचं आहे, ताई. जेवत होतो."

"कोनाचं लोणचं?"

"तुम्हीच काल वाटीभर पाठवलंत."

मी बोट जवळ घेऊन वास घेतला. मोहरी माझीच होती. एवढ्या चांगल्या लोणच्यावर संशय घेणं मला पटेना, म्हणून त्यांना सोडून दिलं. जाता जाता त्यांनी गाडी मोजली. सात इंच निघाली.

सव्वातीनला मेलरॉय आला. हा वसईचा मेकॅनिक, कमी बोलणारा पोरगा. त्याने धनेशला चावी अर्धीच फिरवायला सांगितली आणि मागच्या सीटला कान लावला.

"काय ऐकतोस?" मी विचारलं.

"पंप, आंटी. चावी दिली की पेट्रोलचा पंप दोन सेकंद घूं करतो. हा मुका आहे."

"मेला?"

"बघतो."

त्याने मागची सीट उचलली. सीटखाली एक सुका बोंबील, केसांचे दोन आकडे आणि माझा चष्मा सापडला. हा चष्मा तीन महिन्यांपूर्वी हरवला होता. कोळणीने नेला असा निष्कर्ष काढून मी तिच्याकडून मासळी घेणं बंद केलं होतं. तीन महिने आम्ही महागातली, शिळी मासळी खाल्ली. हेमांगी चष्म्याकडे बघत राहिली. तिचं न बोलणं फार ऐकू येतं.

मी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि बोंबील उचलला. "हेमांगी, लिही. उंदीर! हा बोंबील उंदराने आणला. बोंबील खाल्ला, मग तोंड फिरलं म्हणून वायर खाल्ली."

"आई, बोंबील अख्खा आहे."

"म्हणजे आधी वायर खाल्ली. पोट भरलं."

मेलरॉयने पंपाकडे येणाऱ्या वायरला एक छोटा दिवा लावून बघितला. दिवा पेटेना. मग बॅटरीपासून एक सुटी वायर ओढून पंपाला लावली, तर पंप लगेच घूं करू लागला. इतका गोड आवाज मी फक्त स्वतःचा ऐकलाय.

"पंप चांगला आहे," तो म्हणाला. "त्याला करंटच पोचत नाय. फ्यूज बघितला, ठीक आहे. रिले पण बदलून बघितला. उंदराने कुठे खाल्लेलं नाय. मध्येच कुठेतरी लाइन तुटते."

"मग तीच वायर राहू दे बांधलेली. आम्ही जाऊन येतो."

"नाय आंटी. अशी डायरेक्ट दिली तर पंप कशानेच बंद होत नाय. गाडी कुठे ठोकली तर पेट्रोल येतच राहील, आग लागेल. मी नाय देणार. कार्पेट काढून सगळी लाइन बघावी लागेल. उद्या दुपारपर्यंत होईल."

घड्याळात सव्वाचार झाले होते. जातं डिकीत होतं. माझ्या गळ्यात तयार होऊन बसलेले धवले होते. आणि उमेळ्याला बायजा पदर खोचून ओटीवर बसली असणार, हे मला इथून दिसत होतं.

आणि तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख पडलं. ही गाडी आठ महिन्यांपूर्वी धनेशने घेतली ती कोणाकडून? बायजाच्या मुलाकडून! करंट तुटला, तो त्या घरातून आलेल्या गाडीचा. तुटला कधी, तर ऐन हळदीच्या दिवशी. आणि फायदा कोणाचा?

"हेमांगी, लिही. बायजा."

"त्यांनी उमेळ्यात बसून मनवेलपाड्यातली वायर कशी तोडली?"

"ते ती सांगेल."

तेवढ्यात भावोजींचाच फोन आला. कुठपर्यंत पोचलात, असं विचारत होते. मी म्हटलं, "आधी बायजाला द्या फोन."

पलीकडून सावकाश आवाज आला. "बोल, जिजे."

"गाडीत काय करून ठेवलंस?"

"कोनी, मी?"

"पंपाला करंट येत नाय. मेकॅनिक बसलाय वायरी मोजत. तुझ्या घरातनं आलेली गाडी आहे ही. खरं बोल!"

मग बायजाने विचारलं, "जातं टाकलंस का डिकीत?"

"टाकलं."

"कसं टाकलंस?"

"कसं म्हंजे? दगडाला काय लागतंय?"

मग बायजा हसायला लागली. अशी हसली की माझ्या हातातला फोन हलला. "जिजे, डिकीत उजव्या बाजूला कापडाचा पडदा आहे बघ. तो सार. आत एक लाल बटन आहे. गाडीला दनका बसला की ते वर येतं आनि पंपाचा करंट तोडतं. अपघातात आग लागू नये म्हनून. गाडीला वाटतंय तिला कोनी ठोकलं. बटन दाब."

मेलरॉयने पडदा सारला. तिथे खरंच बोटाएवढं लाल बटन वर आलेलं होतं, जात्याच्या अगदी शेजारी. या मॉडेलच्या डिकीत आपण कधी बघितलंच नव्हतं, असं तो पुटपुटला. त्याने बटण दाबलं. धनेशने चावी दिली. पंप घूं म्हणाला आणि इंजिनाने पहिल्या झटक्यात पकडलं.

मी फोनवर विचारलं, "तुला कसं ठाऊक?"

"तुळिंजच्या हळदीला मी पन जातं टाकलं होतं," बायजा म्हणाली. "तीन तास गाडी दारात. सांजच्याला मेकॅनिक आला, एका बोटाने बटन दाबलं, चहा प्यायला नि गेला. आता पन्नास बायांना काय सांगू, की जातं आपटलं म्हनून मी अडकले? घसा धरला म्हनून सांगितलं."

"गाडी विकताना तरी सांगायचंस."

"बटनाचं सांगितलं असतं तर तुळिंजचं पन सांगायला लागलं असतं. आनि तेव्हा तू माझा आवाज चार गावांत पुरून आली होतीस."

चूक माझी होती. म्हणून मी मोठ्याने बोलले. "मग आज तरी कशाला सांगितलंस? गप बसायचंस! तुझंच जातं, तुझाच मान!"

"तू नसताना गाऊन काय करू?" बायजा म्हणाली. "तू समोर पायजेस. तुला ऐकवायचंय. ये लवकर, दहा मिनटं थांबवते सगळ्यांना."

उमेळ्याला पोचलो तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मांडवात बायका गोल बसल्या होत्या आणि मधली जागा रिकामी होती. बायजाने स्वतःचं जातं ओटीवरून हलवलेलं नव्हतं. धनेशने माझं जातं आणून मधोमध मांडलं. श्रीपतभावोजी हातात हळकुंडांचं सूप घेऊन पुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय वहिनी, कधी नाय तो उशीर?"

पन्नास बायका माझ्याकडे बघायला लागल्या. बायजाही बघत होती. मी घातपात म्हणून सुरू केलेला तपास एका बटणावर संपला होता. ते बटण वर आणणारी गुन्हेगार नऊवारी नेसून, चष्मा लावून मांडवात उभी होती. खरं सांगायला तोंड उघडलं, आणि तोंडातून निघालं, "घसा धरलाय."

हेमांगीने माझ्याकडे बघितलं. मग हळूच पदर तोंडावर घेतला.

आता घसा धरलेली बाई पहिली कशी गाणार? मी जात्याच्या खुंट्यापासून सरकले आणि म्हटलं, "बायजाबाय, तूच बस."

बायजा बसली. तिने खुंटा धरला, मी दुसऱ्या बाजूने धरला. पहिली मूठ पडली आणि तिने आवाज लावला. तो आवाज कुठेही गेलेला नव्हता. वर्षभर बोलावणं नसताना त्या बाईने तो घरातल्या घरात नुसता धारेला लावून ठेवला होता. पलीकडच्या गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या तो ऐकून धावत आल्या. मी नाकासमोर बघत जातं ओढत राहिले. मध्येच बायजाने माझ्याकडे बघून विचारलं, "आल्याचा चहा सांगू?"

"सांग," मी म्हटलं. घसा धरलेल्या बाईने मागायलाच हवा.

तर एकवीस प्रकरणांमधली जी चार बरोबर निघाली म्हणून वर लिहिलंय, त्यात बायजाच्या आवाजाचं एक होतं. आता तीन राहिली. चष्म्याचं त्यात मी धरलेलंच नव्हतं. कोळणीकडे मी दुसऱ्याच दिवशी गेले. तिने मला भाव वाढवून सांगितला आणि मी मुकाट्याने दिला.

हळद संपल्यावर धनेश जातं उचलून डिकीपाशी गेला. मी घरातून निघतानाच नवी गोधडी बरोबर घेतली होती. ती चार पदरी करून मीच डिकीत अंथरली, कोपरे दाबले.

"आई, दगड आहे," धनेश म्हणाला. "दगडाला काय लागतंय?"

"हळू ठेव," मी म्हटलं.