पाचवी गोळी जराशी डावीकडे

“आर्डिस! माझा कागद कोणी घेतला?”

तळघरातून आलेली ही आरोळी ऐकून स्वयंपाकघरात सफरचंदं सोलत बसलेल्या आर्डिस क्रेब्जने सुरी थांबवलीसुद्धा नाही. हार्लनची वस्तू हरवली असं त्यांच्या संसारात कधी घडलंच नव्हतं. ती नेहमी कोणीतरी घेतलेली असायची.

“कुठला कागद?” तिने विचारलं.

“कुठला म्हणजे? एकसष्ट नंबरचा! निशाणाचा!”

एकसष्ट नंबर म्हणजे हार्लनचं लाडकं रिव्हॉल्व्हर. नेमबाजीच्या स्पर्धांसाठी कारखान्याने अशी दीडशेच बनवली आणि मग साचे मोडून टाकले. प्रत्येकाची कारखान्यात पाच गोळ्या झाडून चाचणी व्हायची आणि ती पाच भोकं पडलेला छापील कागद त्याच पेटीत घालून मिळायचा. हार्लनने घरी आणल्यापासून त्यातून एकही गोळी झाडली नव्हती. पांढरे सुती हातमोजे घालून तो ते बाहेर काढायचा, डोळे भरून बघायचा, तेलाचा हात फिरवून परत निजवायचा. एकदा त्याच्या मेहुण्याने गोळ्यांचं चक्र अंगठ्याने गर्रकन फिरवून बघितलं होतं. त्या मेहुण्याला नाताळचं आमंत्रण पुन्हा गेलं नाही. ‘न झाडलेलं’ हाच या रिव्हॉल्व्हर जमवणाऱ्या जमातीत मोठा मान. कारखान्यात झाडलेल्या पाच गोळ्या मोजायच्या नसतात, त्यांचं पाप कारखान्याच्या माथी.

दुसऱ्या दिवशी गावच्या फायर हॉलमध्ये, म्हणजे अग्निशमन दलाच्या सभागृहात, याच मंडळींच्या क्लबचं शरद ऋतूतलं प्रदर्शन होतं. सगळ्यात परिपूर्ण संचाला निळी फीत मिळायची आणि ती दर वर्षी वेंडेल ओट घेऊन जायचा. या वेंडेलकडे नेमकं बासष्ट नंबरचं रिव्हॉल्व्हर होतं. “तुझ्या पोराचा धाकटा भाऊ आमच्याकडे सुखात आहे हं,” असं तो फीत छातीला लावून सांगायचा, तेव्हा हार्लनच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एका वर्षी हार्लनच्या पेटीचं पुठ्ठ्याचं वेष्टण नाही म्हणून फीत हुकली, एका वर्षी पेटीतला चिमुकला स्क्रूड्रायव्हर नाही म्हणून. तो स्क्रूड्रायव्हर मिळवायला हार्लन मोटार हाकत ओहायोपर्यंत जाऊन आला होता. आणि आता सगळं जमलं, तर कागद गायब!

“कुत्र्याने खाल्ला,” हार्लन वर येऊन म्हणाला.

“त्याला तळघराचा जिना उतरता येत नाही.”

“मग तो घर गरम करायची भट्टी दुरुस्त करायला आलेला माणूस! मला तेव्हाच त्याची नजर बरी वाटली नव्हती.”

“त्याने पाच भोकांचा कागद नेऊन काय करायचं?”

“मग तूच! तूच आवराआवरी केली असणार. या घरात माणसाने जपून ठेवलेल्या वस्तूला किंमतच नाही! उद्या मला उचलून भंगारात टाकशील!”

“उद्या नाही जमायचं. उद्या मला फायर हॉलमध्ये ॲपल पायची विक्री आहे,” आर्डिस म्हणाली आणि पुढचं सफरचंद उचललं.

हार्लन धुमसत तळघरात परतला. कागदाशिवाय संच म्हणजे निम्मा संच. नवा कागद हवा, तर त्यावर भोकं हवीत. दुसऱ्या कुठल्या रिव्हॉल्व्हरने ती पाडायची, तर ती सरळसरळ फसवणूक, आणि हार्लन क्रेब्ज मरेल पण फसवणूक करणार नाही. एकसष्टच्या कागदावर एकसष्टचीच भोकं पाहिजेत. म्हणजे जे आजवर झाडलं नाही म्हणून मिरवायचं, तेच आज झाडायचं! हा अन्याय कोणाच्या तरी गळ्यात घालावा म्हणून त्याने आजूबाजूला पाहिलं, पण तिथे कुत्राही नव्हता.

दुपारी तो कोठारामागच्या मातीच्या बांधाकडे गेला. छापील कागदाचं नंतर बघू म्हणत एका पुठ्ठ्यावर पेल्याने गोल काढला, हातमोजे उतरवले आणि पहिली गोळी झाडली. घोडा इतका अलगद सुटला की हार्लनच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं आपण हे निजवून ठेवलं! क्षणभर तो सगळं विसरला. मग जाऊन पुठ्ठा पाहिला आणि त्याला सगळं आठवलं. गोळी गोलाच्या बाहेर होती.

दुसरी खाली गेली, तिसरी वर. हार्लन रिव्हॉल्व्हर जमवण्यात इतका गुंतला होता की नेम धरण्याची सवय केव्हाच मोडली होती. गोळ्यांची डबी निम्मी संपली आणि पुठ्ठ्याची पार चाळण झाली, पण पाच भोकं एका जागी येईनात. वारा, ऊन आणि गोळ्या बनवणारी कंपनी या सगळ्यांना त्याने मोठ्याने नावं ठेवली.

“जेवायला येतोस ना? केव्हाची हाका मारतेय!” आर्डिस हात पुसत मागे येऊन उभी राहिली होती. तिने पुठ्ठा पाहिला, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि एकही प्रश्न विचारला नाही. आत गेली आणि एक कोरा कागद घेऊन आली. कारखान्याचं नाव छापलेला, अस्सल.

“हा कुठून आणलास?” हार्लनचे डोळे विस्फारले.

“कारखान्याला मागितले, त्यांनी गठ्ठाच पाठवला. लाव तो तिकडे, आणि दे इकडे.”

तिने रिव्हॉल्व्हर घेतलं, ॲप्रन जरा बाजूला सारला आणि भाजीला फोडणी द्यावी तशा सहज पाच गोळ्या झाडल्या. चार गोळ्यांनी मिळून एकच भोक पडलं होतं. पाचवं त्याला खेटून, जरासं डावीकडे.

“आर्डिस!”

“माहेरच्या शेतात घुशी मारायचं काम माझ्याकडे होतं. ती पाचवी नेहमी तशीच जाते. तेवढ्यात मला ओव्हनची आठवण होते.”

“नेहमी म्हणजे? आणखी कोणासाठी झाडल्यास तू?”

आर्डिसने मान फिरवली. हार्लन हटेना, तेव्हा ती म्हणाली, “हे बघ, कोणाला बोलायचं नाही. तीन वर्षांपूर्वी वेंडेलच्या बायकोच्या, मेव्हिसच्या हातून त्याच्या कागदावर बीटाचं पाणी सांडलं. रडत आली बिचारी. वेंडेल झोपल्यावर पेटी घेऊन आली होती, मी दिला नवा करून. त्याला काही पत्ता नाही.”

“म्हणजे तो बासष्ट नंबर झाडलेला आहे? आणि खोट्या कागदावर निळी फीत घेतो? तीन वर्षं? चोर! उद्या सगळ्यांसमोर त्याची—”

“काय करशील? आणि तुझ्या हातात आत्ता काय आहे?”

हार्लनने हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि तो जेवायला गेला. पण राग काही जेवणाबरोबर खाली उतरला नाही.

सकाळी त्याने प्रदर्शनासाठीचं खास जॅकेट अंगात चढवलं. हे जॅकेट वर्षातून एकदाच बाहेर निघायचं. आतल्या खिशात काहीतरी कडक लागलं. एकसष्टचा कागद! गेल्या वर्षी परतताना पाऊस होता, म्हणून त्यानेच तो छातीशी जपून आणला होता.

आर्डिसला हे सांगावं असं त्याला वाटलं. पण काल तो काय काय बोलला होता तेही आठवलं. त्याने मुकाट्याने अस्सल कागद पेटीत ठेवला आणि तिने केलेला स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोडून दिला. रिव्हॉल्व्हर झाडलं गेलं होतं खरं, पण ते कोणाला दिसणार होतं? निदान कागद तरी अस्सल होता, आणि ओटचा तसा नव्हता.

फायर हॉलमध्ये त्या दीडशेपैकी पाच रिव्हॉल्व्हरं टेबलांवर मांडली होती. परीक्षक लाइल प्रुइट गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून एकेक पेटी बघत हार्लनपाशी आला. वेष्टण आहे, स्क्रूड्रायव्हर आहे. मग त्याने कागद उचलला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

“हार्लन, हा कागद कुठून आणलास?”

“पेटीतून! म्हणजे काय?”

“तसं नाही. या दीडशेची चाचणी कारखान्यात एकाच माणसाने घेतली असणार. हात ओळखता येतो. हा वेंडेलचा बघ. चार एका जागी, पाचवी जराशी डावीकडे. तो शेजारचा बघ, पाचवी डावीकडे. ते पलीकडचे दोन्ही तसेच. आणि तुझ्या पाचही गोळ्या गोल पसरलेल्या. सॉरी, हार्लन, पण हा कागद बनावट आहे.”

“बनावट? माझा?” हार्लनचा आवाज छताला लागला. “अरे, या अख्ख्या हॉलमध्ये खरा कागद असेल तर तो—”

त्याची नजर ॲपल पायच्या टेबलाकडे गेली. मेव्हिस ओट पांढरीफटक पडली होती. तिच्या शेजारी उरलेल्या तिन्ही रिव्हॉल्व्हरवाल्यांच्या बायका उभ्या होत्या आणि तिघी आपापल्या बुटांकडे बघत होत्या. मधोमध आर्डिस शांतपणे ॲपल पायचे तुकडे कापत होती. हार्लनने मनातल्या मनात तिच्या हातचे कागद मोजले: चार.

“असं करावं का रे, हार्लन?” वेंडेल हळहळून म्हणाला. “फितीसाठी माणसाने इतकं खाली उतरावं?”

आर्डिसने सुरी ठेवली, हात पुसले आणि पर्स उघडत टेबलापाशी आली.

“लाइल, माझीच चूक झाली. घाईत भलताच कागद पेटीत गेला. याचा खरा कागद हा.”

प्रुइटने भिंग लावलं. चार एका जागी, पाचवी जराशी डावीकडे. त्याचा चेहरा उजळला. “हा बघ! याला म्हणतात अस्सल!”

निळी फीत हार्लनच्या छातीवर लागली. वेंडेलने मोठ्या मनाने त्याचा हात हातात घेतला. “छान. बघ, शेवटी खऱ्याचीच किंमत होते.” हार्लनला त्याच वेळी ओरडावंसंही वाटत होतं आणि फीत सोडवतही नव्हती. तो नुसता लालबुंद होऊन उभा राहिला. लोकांना वाटलं, आनंदाने भरून आलंय.

परतताना हार्लन फीत छातीवर तशीच ठेवून गाडी हाकत होता. आर्डिसच्या मांडीवर ॲपल पायची रिकामी भांडी होती.

“बनावट म्हणाला! कारखान्यातून आलेल्या कागदाला बनावट! तुझ्या त्या ओव्हनपायी!” तो शेवटी उसळलाच. “अगं, माझा कागद खरा होता! शंभर टक्के खरा! गेल्या वर्षीपासून जॅकेटच्या खिशात होता!”

बोलून झालं आणि मग त्याला आपण काय बोललो ते कळलं.

“हो का?” आर्डिस म्हणाली. “म्हणजे कोणी घेतला नव्हता तर.”

हार्लनने हात पुढे करून हीटर वाढवला, तो आधीच पुरेसा चालू असूनही.