बाटलीची कुंची

"आपली बाटली जमिनीवर पडली तर जमिनीला खोक पडंल, बाटलीला न्हाई!"

कोल्हारच्या एसटी स्टँडावर गोरक्षनाथानं चारचौघांत असं ठणकावून सांगितलं, तेव्हा त्याच्याजवळ फक्त कल्पना होती. बाटल्या रोजच्यासारख्या फुटतच होत्या.

स्टँडासमोर त्याचा सरबताचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक खोली, मोसंब्या पिळायचं एक यंत्र आणि बायको पुष्पावती. सरबत मात्र झकास. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती बाटलीबद्दल. छोट्या बाटल्या गोरक्षनाथाला पटायच्या नाहीत. "बाटली कशी, घरादाराला पुरली पायजे!" असं म्हणून त्यानं मुंबईहून ट्रकभर मोठाल्या बाटल्या आणल्या. पोट घागरीएवढं, मान आखूड आणि अंग तेल लावलेल्या पैलवानासारखं. धरायचं म्हटलं तर जागाच नाही! गिऱ्हाईक ती दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळून निघायचं, अन् हात गुंतल्यामुळे वाटेत धोतर सावरता यायचं नाही. मग एक तर धोतर जायचं, नाहीतर बाटली. कोल्हारकर अब्रूला जपणारे, त्यामुळे बाटलीच जायची.

गोरक्षनाथानं उपाय केले नाहीत असं नाही. आधी सुतळीचा फास करून बाटली टांगायची सोय केली. ती पावलागणिक झोका घेऊन नडगीवर बसायची. गावात कुणी लंगडताना दिसला की लोक समजायचे, ह्यानं सरबत घेतलं! मग बुरडाकडून खास दुरड्या विणून घेतल्या. त्या बाटलीपेक्षा जड झाल्या.

अशात संगमनेरचे दुकानदार भिमाजीशेठ एकदा येऊन सरबत पिऊन गेले. पेला खाली ठेवत म्हणाले, "माल ब्येस हाय. मी दुकानात ठेवतो. पण गिऱ्हाईकानं ही धोंड न्यायची कशी? कडेवर घेऊन?"

शेठ थट्टेनं बोलले. गोरक्षनाथाला त्यात थट्टा दिसलीच नाही. तो ताडकन उठून म्हणाला, "शेठ, यष्टीनं धक्के खात आनून दाखवतो. येक जरी बाटली फुटली तरी माल घिऊ नका!"

झालं! पुष्पावती शिवायला बसली. जुन्या गोधडीचे तुकडे, आत कापूस, बुडाशी जाड गादी, खांद्यात अडकवायला पट्टा, आणि बूच उडू नये म्हणून वरून नाडीनं बांधायचं टोपडं. कापड घरात होतं तेच घेतलं, बारीक फुलाफुलांचं. पहिली बाटली आत घालून नाडी बांधल्यावर तिनं ती लांब धरून पाहिली.

"आवो, ही तर कुंची झाली! बाळंतिणीच्या खोलीतनं आनल्यावानी दिसतीया."

"तुला धंद्यातलं कळत न्हाई," गोरक्षनाथ म्हणाला. "ह्याला प्याकिंग म्हंत्यात."

चैत्रातल्या एका सकाळी दोघं संगमनेरच्या गाडीला आले. दोन बाटल्या त्याच्या कडेवर, दोन तिच्या. गाडी खचाखच भरलेली. कंडक्टर दारातूनच ओरडला, "जागा न्हाई! म्हागल्या गाडीनं या!" आणि पुष्पावतीकडे नजर जाताच त्याचा आवाज एकदम लोण्यासारखा झाला. "आरं, उठा उठा! लेकुरवाळी बाई हाय!"

तिघंजण उठले. गोरक्षनाथाला गर्दीत 'उठा उठा' एवढंच ऐकू आलं. आपल्या सरबताचा लौकिक असा एसटी महामंडळापर्यंत पोचलेला पाहून त्याला बरं वाटलं. पुष्पावतीला मात्र सगळा घोटाळा तिथल्या तिथं कळला. तिनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. तिला सरकून बसायचंय असं समजून तो सरकला.

शेजारी लोणीची झुंबरबाई बसली होती. पिकल्या केसांची, गावातली निम्मी पोरं हातात घेतलेली सुईण. तिनं चारही गाठोडी न्याहाळली.

"किती दिसाचं म्हनायचं?"

"परवाच तर काढलं," गोरक्षनाथ म्हणाला.

"चारी येकदम?"

"येकदमच! आमी येकेक करीत बसत न्हाई."

झुंबरबाईनं तोंडावर हात ठेवला. "अगं बया! अन् परवाचीच गोष्ट, तर ही उठून यष्टीनं हिंडतीया?"

"तिला काय धाड भरलीया? घरी आनखी चाळीस पडल्यात!"

झुंबरबाईनं दुसराही हात तोंडावर ठेवला. पुष्पावतीनं पदर पार नाकापर्यंत ओढला आणि कोपर पुन्हा चालवलं. गोरक्षनाथ आणखी सरकला. आता तो अर्धा अधांतरी बसला होता.

पुढच्या बाकावर सरकारी दवाखान्यातली नर्सबाई बसली होती. मांडीवर कुटुंब नियोजनाची चित्रं, वर ठसठशीत लाल त्रिकोण. ती सगळं ऐकत होती. तिला राहवेना. ती मागं वळून म्हणाली, "अहो, गावोगाव भिंती रंगवल्यात आम्ही! दोन किंवा तीन पुरेत म्हणून! वाचता येत नाही का?"

"बाई," गोरक्षनाथ समजुतीच्या सुरात म्हणाला, "दोन-तीनावर भागवलं तर धंदा कसा व्हायचा?"

नर्सबाई पुढं तोंड करून बसली. सरकारनं एवढा खर्च कशासाठी केला, असा प्रश्न तिच्या पाठीवरसुद्धा दिसत होता.

झुंबरबाईला बाळंतिणीची दया आली. "आन एक हिकडं, दमली आसशील," असं म्हणत तिनं पुष्पावतीच्या कडेवरचं एक गाठोडं आपल्या मांडीवर ओढलं आणि गालगुच्चा घ्यायला टोपड्याखाली हात घातला. बाटल्या रात्रभर पाण्याच्या हौदात होत्या.

"आगं आई गं! पोर गार पडलंय!"

ती किंचाळली. तेवढ्यात गाडी खड्ड्यात आदळली, आणि गाठोडं तिच्या मांडीवरून उडून खालच्या पत्र्यावर पडलं. धाड!

बायांनी डोळे मिटले. एकानं टोपी काढली. पुष्पावती नवऱ्याचा सदरा धरून ओढू लागली.

गोरक्षनाथ मात्र वाकला. त्यानं गाठोडं उचललं, कानाशी नेऊन खळखळ हलवून पाहिलं, आणि त्याचा चेहरा दिवाळीच्या पणतीसारखा उजळला.

"फुटलं न्हाई!" तो ओरडला. "बघा, बघा मंडळी! येवढं आपटलं, पन जराबी धक्का न्हाई!"

"बाप हायेस का कसाई?" मागून कुणीतरी गरजलं.

गोरक्षनाथाला वाटलं, लोकांचा विश्वास बसत नाहीये. "आवो, खोटं वाटतंय? थांबा, दुसरं आपटून दावतो!" असं म्हणून त्यानं आपल्या कडेवरचं एक गाठोडं दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं.

पुढं काय झालं ते त्याला नीट कळलं नाही. चौघांनी हात धरले. एकानं गाठोडं काढून घेतलं. गुऱ्हाळाचा गडी शोभेल अशा एका आडदांड माणसानं त्याला आडवा पाडला आणि तो सरळ त्याच्या पोटावर बसला. कंडक्टरनं घंटीची दोरी अशी ओढली की दोरी हातात आली. गाडी थांबली. नर्सबाई धावत आली, पडलेलं गाठोडं तिनं छातीशी धरलं आणि घाईघाईनं टोपड्याची नाडी सोडली.

तिनं आत पाहिलं. मान वर केली. पुन्हा पाहिलं.

"ह्याला... बूच आहे," ती म्हणाली.

कुणालाच काही समजेना. एका म्हाताऱ्यानं भीत भीत विचारलं, "बूच म्हंजी?"

"बूच म्हणजे बूच!" नर्सबाई किंचाळली.

तेव्हा कुठं पुष्पावतीनं पदर नाकावरून खाली घेतला. "सरबत हाय मावशी. मोसंबीचं. बाटल्या फुटू नये म्हून..."

सगळ्या गाडीनं एकदम श्वास सोडला. गोरक्षनाथाला मात्र श्वास घेता येत नव्हता. पोटावर बसलेला गडी लगेच उठला नाही. त्यानं आधी चारही टोपडी सोडायला लावली, चारही बुचं डोळ्यांनी पाहिली, आणि मगच तो उठला. कंडक्टर पुढं आला. बोट जिभेला लावून त्यानं शांतपणे सामानाची चार तिकिटं फाडली. "तान्ह्या पोरांना माफ असतं," तो म्हणाला. "बुचांना न्हाई."

इकडं झुंबरबाईनं मान टाकली होती. पाणी कुणाकडेच नव्हतं. पुष्पावतीनं एका बाटलीचं बूच काढलं आणि कुणाच्या तरी तांब्यातून तिला सरबत पाजलं. म्हातारीनं डोळे उघडले, ओठ चाटले.

"लेकरू ग्वाड हाय गं तुझं!"

मग लक्षात आलं की धसका एकट्या झुंबरबाईनंच घेतलेला नाही. ज्याला त्याला छातीत धडधडतंय असं वाटू लागलं. ड्रायव्हरनं तर मागं वळूनही पाहिलं नव्हतं, पण त्याचा धसका सगळ्यांत मोठा निघाला. नर्सबाईनं कर्तव्य म्हणून दोन वेळा घेतलं. लोणी यायच्या आत तीन बाटल्या रिकाम्या झाल्या. चौथी पुष्पावतीनं पदराखाली घेतली, आणि तिचं तोंड बघून मागायची कुणाची छाती झाली नाही.

संगमनेरला उतरल्यावर ती स्टँडावरच्या लिंबाखाली बसली. "म्या न्हाई येत दुकानात. लोकांनी काय कमी बघितलं?"

गोरक्षनाथ एकटाच उरलेली बाटली घेऊन गेला. भिमाजीशेठनी कुंची उलटसुलट करून पाहिली, मग काउंटरवरून खाली सोडून दिली. बाटली शाबूत! त्यांनी फळीवर चढून वरून सोडली. तरी शाबूत! त्यांनी घरात हाक मारली. सुना आल्या, दुकानातल्या गिऱ्हाईक बाया गोळा झाल्या. कुणी पट्टा ओढून पाहिला, कुणी शिवणीवर नख फिरवलं, कुणी बाटलीसकट कडेवर घेऊन दुकानभर हिंडून आली. आपसात कुजबुज झाली. थोरल्या सुनेनं सासऱ्याच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं.

"गोरक्षनाथ, मानलं तुला!" शेठ म्हणाले. "दोन डझन पाठव. आठवड्यात खपत्यात का न्हाई बघ."

गोरक्षनाथाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "शेठ, आज रातीच बाटल्या भरायला घेतो!"

"बाटल्या?" शेठनी टोपड्याची नाडी सोडली, बाटली अलगद बाहेर काढून त्याच्या हातात दिली आणि रिकामी कुंची थोरल्या सुनेकडे फेकली. "बाटल्या कशापायी भरतोस गड्या? पोरांच्या अंगावर बाटली थोडीच घालत्यात!"

लिंबाखाली पुष्पावती वाट पाहत होती. तो लांबून येताना दिसताच ती उठून उभी राहिली.

"काय म्हनलं शेठ? पसंत पडलं?"

गोरक्षनाथानं बाटली ह्या हातातून त्या हातात घेतली, घसा साफ केला आणि दुसरीकडं बघत म्हणाला,

"तुझी शिवन चांगली हाय म्हनले."