विल्फ्रेड टिमिन्सने पाटी काढली तो रविवार

पर्यटकांना उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवण्यात विल्फ्रेड टिमिन्सचा हात धरणारा अख्ख्या वॉर्विकशरमध्ये दुसरा कुणी नव्हता. हे तो स्वतःच सांगत फिरायचा, पण त्यात खोटं काही नव्हतं. त्याच्या शेतापासून अर्ध्या मैलावर त्या जगप्रसिद्ध नाटककाराच्या आईचं, हातमोजे करणाऱ्या नवऱ्याकडे जाण्यापूर्वीचं, माहेर होतं. ते घर ट्यूडर राजांच्या काळातलं, तसं विल्फ्रेडचंही. तिथे काळ्या तुळया आणि पांढरा गिलावा, इथेही तेच. त्याचं छप्पर मधोमध म्हशीच्या पाठीसारखं खचलेलं, याचंही. फरक एवढाच, की तिथे आत जायला तिकीट लागायचं आणि इथे दारात विल्फ्रेड उभा असायचा.

तरी लोक यायचेच. एकदा तो टबात बसलेला असताना एका बाईने न्हाणीघराचं दार ढकललं, त्याला नीट न्याहाळलं आणि हा टब कोणत्या शतकातला म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली: ‘हे ते घर नाही. ते पुढे आहे. इथे फक्त मी राहतो.’

ती पाटी त्या रविवारी त्याने स्वतःच्या हाताने उतरवली, कारण ऑलिव्ह गिबिन्स जेवायला येणार होत्या.

ऑलिव्हबाई विधवा, एक मुलगा परगावी, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या. विल्फ्रेडची बायको जाऊनही बरीच वर्षं झाली होती. दोन हिवाळे दोघं चर्च सुटल्यावर गल्लीच्या वळणापर्यंत सोबत चालत होते आणि वळणावर हवामानाबद्दल बोलून आपापल्या वाटेने जात होते. आज हवामान बाजूला ठेवून लग्नाचं विचारायचं, असं विल्फ्रेडने ठरवलं होतं. आता जिला आपल्या घरी राहायला बोलवायचं, तिला फाटकातच ‘इथे फक्त मी राहतो’ असं सुनावणं त्याला काही बरं दिसेना.

ऑलिव्हबाईंनी एक गोष्ट आधीच कानावर घातली होती. त्यांची कॅनडातली चुलत भावंडं त्या आठवड्यात आली होती, त्यांतलं कुणी सोबत आलं तर चालेल का? विल्फ्रेड उदारपणे म्हणाला होता, “अख्खा गोतावळा आणा.”

सकाळपासून त्याने मेंढीची तंगडी भट्टीत घातली, बीट उकडलं, सफरचंदावर गोड चुरा पसरून क्रंबल केलं. सगळं झोकात चाललं होतं. मग इस्त्री करताना त्याने आपला एकमेव चांगला शर्ट पाठीवर जाळला. धुतलेला म्हणावा असा एकच उरला होता, मे महिन्यात गावच्या नाचात घालायचा, ढगळ बाह्यांचा पांढरा सदरा. तो चढवून वर बापाचं कातडी जाकीट घातलं. आरशात तो चारशे वर्षांपूर्वीचा दिसत होता, पण बघायला वेळ कुणाला होता?

इतक्यात फाटकाशी बस थांबली. पिवळी छत्री उंच धरलेली एक उंचपुरी बाई उतरली, तिच्यामागून माणसं उतरतच राहिली. विल्फ्रेडने विचारलं, “कॅनडाहून का?” सगळे हसून हो म्हणाले. गोतावळा म्हणजे गोतावळा, असं मनाशी म्हणत त्याने दार सताड उघडलं. त्याचा वेष पाहून मंडळींनी कौतुकाने एकमेकांना कोपरखळ्या दिल्या. आपण लोकांना एकदम आवडलो, असं विल्फ्रेडला वाटलं.

पाहुणे चौकसही फार निघाले. छत्रीवाल्या बाईने, आई याच खोलीत जन्मली का, असं विचारलं. विल्फ्रेड चमकला, पण म्हणाला, की ऑलिव्हबाईंच्या आईची मला कल्पना नाही, त्या स्वतः आल्या की सांगतील. आणि त्या बाईंचा नवरा हातमोजे करायचा ना, असं एका म्हाताऱ्याने विचारलं. विल्फ्रेडने सौम्यपणे दुरुस्ती केली, की नाही, बिचारा टपाल वाटायचा. यावर एवढा हशा पिकला, की मेलेल्या माणसाला हसणारी ही कसली नातलग मंडळी, असं त्याच्या मनात आलं.

“आणि मुलगा?” छत्रीवाल्या बाईने आवाज खाली आणून विचारलं. “त्याचं लिहिणं?”

“फारसं नाही,” विल्फ्रेड म्हणाला. “नाताळला एखादं कार्ड टाकतो.”

हळूहळू मंडळी घरभर पांगली. दोघं वर जाऊन त्याच्या पलंगाखाली वाकून पाहत होते. एकाने त्याच्या तुळईवर कपाळ आपटून घेतलं आणि तेही आनंदाने. स्वयंपाकघरात कुणीतरी तंगडीचा वास घेत, चाखून पाहिलं तर चालतं का म्हणून विचारलं. यजमानाने नाही कसं म्हणायचं? बघता बघता नुसतं हाड उरलं.

होणारे सोयरेच हे, लपवायचं काय, असा विचार करून विल्फ्रेड गळ्यापर्यंत लाल झाला आणि म्हणाला, की ऑलिव्हबाई येतीलच आता, आज मी त्यांना लग्नाचं विचारणार आहे. मंडळींनी ओठांवर बोट ठेवलं आणि सगळी भिंतीला लागून उभी राहिली.

ऑलिव्हबाई आल्या त्या एकट्याच. एक चुलतभाऊ पोट बिघडून पडला होता, बाकीचे त्याच्या उशाशी होते, असं त्या टोपीची पिन काढता काढता सांगू लागल्या आणि मध्येच थांबल्या.

“ही कोण माणसं?”

“तुमच्या घरचीच की,” विल्फ्रेड म्हणाला. “फार मोकळी आहेत.”

ऑलिव्हबाईंनी एकेक चेहरा निरखला. “यांतल्या एकालाही मी ओळखत नाही.”

विल्फ्रेडची नजर खिडकीबाहेर गेली. बसच्या अंगावर लिहिलेलं प्रवासी कंपनीचं नाव त्याने आत्ता वाचलं. लोकांना हाकलायचा त्याचा इतक्या वर्षांचा सराव नेमका आत्ता कुठे गेला कोण जाणे. तेवढ्यात छत्रीवाली बाई कुजबुजली, “शांत राहा. आता तो विचारणार.”

“काय विचारणार?” ऑलिव्हबाईंनी विचारलं.

दोन आठवडे घोकलेलं वाक्य त्याला आठवेना. “ऑलिव्ह,” तो म्हणाला, “तुम्हाला कोंबड्या आवडतात का?”

“हे विचारायला एवढी माणसं जमवलीत?”

“नाही. लग्नाचं विचारायचं होतं.”

ऑलिव्हबाईंनी टोपी काढून कपाटावर ठेवली. टेबलावरचं ते हाड पाहिलं. मग त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं.

“आधी यांना बाहेर काढा,” त्या म्हणाल्या, “मग पुन्हा विचारा. गर्दीत मी कशालाच हो म्हणत नाही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका बाईने डोळे पुसत ऑलिव्हबाईंचा हात दाबला. हे ते घर नव्हे, असं विल्फ्रेड कळकळीने सांगत राहिला आणि मंडळी त्यालाही दाद देत बसमध्ये चढली.

मग दोघांनी बीट आणि पाव खाल्ला. क्रंबल तेवढं भट्टीत होतं म्हणून वाचलं होतं. ते वाढता वाढता त्याने पुन्हा विचारलं. ऑलिव्हबाई हो म्हणाल्या, फक्त दाराला आतून कडी हवी, एवढीच अट घातली.

संध्याकाळी ऑलिव्हबाईंची धाकटी बहीण डोरीन धावतपळत आली. ती त्या खऱ्या घराच्या तिकीट खिडकीवर बसायची. कॅनडाची मंडळी शेवटी तिथे पोचली होती. डोरीनने सांगितलं, की अलीकडच्या घरातला प्रयोग फार छान झाला असं ती मंडळी म्हणाली, पण एक सूचना करून गेली, की नवरीच्या कामाला जरा तरुण बाई घ्यावी.

ऑलिव्हबाईंनी कप खाली ठेवला. “आणि नवरदेव काय विशीतला वाटला त्यांना?”

“त्यांच्याबद्दल काही तक्रार नव्हती,” डोरीन म्हणाली. “ते घराबरोबरच आले असणार, असं म्हणत होते.”