दोन दिवस सुट्टी, तीन दिवस ताप

जानेवारीत कंपनीची सुट्ट्यांची यादी आली तेव्हा महाप्याच्या त्या ऑफिसात प्रत्येकाने आपापला फायदा मोजला. कुणी गावची जत्रा बघितली, कुणी मेहुणीचं लग्न. धनाजी जगदाळेने शनिवार-रविवारला चिकटलेल्या सुट्ट्या मोजल्या. सहा निघाल्या. म्हणजे येत्या वर्षात सहा वेळा त्याला स्वतःच्या लग्नाच्या बायकोजवळ जाता येणार होतं. गेल्या साली हा आकडा चार होता. पन्नास टक्के वाढ त्या ऑफिसात दुसऱ्या कुणालाच मिळाली नव्हती.

यावरून सुनयनाबद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नये. नवरा-बायकोचं उत्तम होतं. भानगड धनाजीच्या अंगात होती. जवळीक झाली की तासाभरात त्याचे डोळे चुरचुरायचे, घसा धरायचा, ताप चढायचा, आणि डोकं इतकं बधिर व्हायचं की लिफ्टमध्ये उभं राहून आपला मजला कितवा हे आठवायचं नाही. असे तीन दिवस. चौथ्या दिवशी माणूस ठणठणीत. दोन डॉक्टरांनी टेन्शन सांगितलं, तिसऱ्याने बी-ट्वेल्व्ह. चौथ्या होत्या वाशीच्या डॉक्टर अरुणा. त्यांनी न हसता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, याला नाव आहे, पोस्ट-ऑरगॅझमिक इलनेस सिंड्रोम. वीर्य बाहेर पडलं की काही थोड्या पुरुषांचं शरीर आजार झाल्यासारखं वागतं. मनाचे खेळ नव्हेत, पण हमखास औषधही अजून कुणाकडे नाही. तासभर आधी अ‍ॅलर्जीची गोळी घेऊन बघा, वहीत नोंद ठेवा, आणि पुढचे दिवस मोकळे असतील असं बघून ठरवा.

घोडं अडलं ते मोकळ्या दिवसांपाशी. आठवड्याची सुट्टी दोन दिवस, ताप तीन दिवस. तुटीचा एक दिवस धनाजी आजारपणाच्या रजेतून भागवायचा, पण एकदा साहेबांनी, म्हणजे अभिरामने, केबिनमध्ये बोलावून विचारलं, "धनाजी, तू नेहमी सोमवारीच कसा रे आजारी पडतोस?" उत्तर होतं, पण ते केबिनमध्ये देण्यासारखं नव्हतं. तेव्हापासून सगळी भिस्त यादीवर.

सव्वीस जानेवारी ठरल्याप्रमाणे पार पडली. ठरल्याप्रमाणे तापही आला. अडचण एवढीच, की सणासुदीला कोरेगावहून मुक्ताबाईंचा, धनाजीच्या आईचा, व्हिडिओ कॉल यायचा. जानेवारीत त्यांनी लेकाचे लाल डोळे बघितले. गुड फ्रायडेला पुन्हा बघितले. मुक्ताबाई शाळा शिकल्या नव्हत्या, पण गोठ्यातलं जनावर कधी आणि का बसतं हे त्यांना लांबून कळायचं. पोरगं कामाच्या दिवशी धड असतं आणि सुट्टी लागली की पडतं, हे त्यांनी बरोबर हेरलं. कारण मात्र त्यांनी लेक राहतो त्या घणसोलीच्या हवेचं काढलं.

तीस एप्रिलला संध्याकाळी त्या गुळवेल आणि अडुळशाची पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"आता दर मोठ्या सुट्टीला मी हितं," त्या म्हणाल्या. "बघते कसा ताप येतोय त्यो."

सकाळ-संध्याकाळ काढा सुरू झाला. ताप रात्रीच चढतो, म्हणून बेडरूमचं दार उघडं ठेवायचा हुकूम सुटला आणि मुक्ताबाईंनी आपली गादी उंबऱ्याला आडवी टाकली. रात्रीतून तीनदा उठून त्या लेकाच्या कपाळाला हात लावायच्या. ताप आला नाही. येणार कुठून?

जूनच्या सुट्टीलाही आला नाही. गणपतीतही नाही. तोवर बातमी बिल्डिंगभर झाली होती. शेजारच्या वैजयंतीताईंनी काढा आपल्या मिस्टरांच्या डोकेदुखीला नेला, त्यांच्याकडून तो वरच्या मजल्यावर गेला, आणि बघता बघता पाच घरांत टोप उकळायला लागले. लिफ्टमध्ये बायका मुक्ताबाईंना आधी आत सोडायच्या. तिकडे एकही दांडी नाही म्हणून अभिराम धनाजीची उदाहरणं द्यायला लागला. धनाजीच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. सुनयनाच्या चेहऱ्यावर काय आलं होतं ते कुणी बघत नव्हतं.

सप्टेंबरअखेर दोघं डॉक्टर अरुणांकडे गेली. त्यांनी वही उघडली. एप्रिलनंतर पानं कोरी.

"पाच महिने ताप नाही? गोळी चांगलीच लागू पडली की."

"गोळी घेतलीच नाही," धनाजी म्हणाला.

"मग काय बदललं?"

सुनयना थकून गेली होती. ती म्हणाली, "सासूबाई येतात."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, ही नोंद माझ्या कामाची नाही. गोळीचा उपयोग होतो की नाही हे कळायला आधी कारण घडावं लागतं. पुढच्या भेटीला एक तरी ओळ लिहून आणा.

दोन ऑक्टोबर शुक्रवारी येत होता आणि मुक्ताबाई बुधवारीच आल्या. गुरुवारी सकाळी धनाजी कामावर गेल्यावर सुनयना त्यांच्यासमोर मेथी निवडायला बसली आणि खाली मान घालून, जमेल त्या शब्दांत, सगळं सांगून टाकलं. मुक्ताबाईंचे हात थांबले नाहीत.

"किती दिस ऱ्हातोय ताप?"

"तीन."

"जिवाला धोका?"

"नाही म्हणाल्या डॉक्टर."

त्यांनी उरलेली जुडी संपवली. देठं गोळा केली.

"मग मी काय करतीया हितं?" त्या म्हणाल्या. "आन् पोरी, पाच म्हैनं गप बसलीस व्हय? त्यो तर मुलखाचा मुखदुर्बळ, तू तरी बोलायचं." दुपारच्या साताऱ्याच्या एसटीला त्या बसल्यासुद्धा.

शुक्रवारी सकाळी धनाजीचा फोन वाजला.

"आला का ताप?"

"आला, आई."

"बरं झालं," मुक्ताबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

या खेपेला गोळी घेतलेली होती. ताप शनिवारी रात्रीच उतरला. वहीत धनाजीने पहिल्यांदा 'दोन दिवस' लिहिलं, आणि रविवार कशात घालवायचा हे न सुचून तो गॅलरीत नुसता उभा राहिला.

पण शुक्रवारी वैजयंतीताई साखर मागायला आल्या होत्या आणि शाल पांघरून पडलेला धनाजी त्यांनी बघितला होता. संध्याकाळपर्यंत पाचही घरांतले टोप घासून पालथे पडले. रविवारी त्यांनी कोरेगावला फोन लावला आणि काळजीच्या सुरात विचारलं, काकू, तुमच्या काढ्याचा गुण गेला की काय?

मुक्ताबाई खरं सांगू शकल्या असत्या. पाच महिन्यांत कमावलेलं नाव एका वाक्यात वाचलं असतं.

"व्हय बाई," त्या म्हणाल्या. "गुळवेल जुनी निघाली. चूक माझीच."