भोये सरांची उसनी नामं

आमच्या शाळेची घंटा दगडाने वाजते. हातोडी कुठे गेली, असं पाहुण्याने विचारलं की सगळे शिक्षक भोये सरांकडे बघतात आणि भोये सर खिडकीबाहेर.

सर इंग्रजी शिकवतात, मी गणित. मोखाड्याकडच्या या शाळेत आम्ही दोघं जव्हारहून एकाच एसटीने येतो. व्याकरणात त्यांचा जीव फक्त नामात. क्रियापदं ते उरकून टाकतात. नाम मात्र "हात लावून सांग!" फळ्याला हात लावायचा, कॉमन नाऊन. खडूला, मटेरियल नाऊन. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला की कलेक्टिव्ह. शेजारणीला टपली मारून तिचं नाव घ्यायचं, ते प्रॉपर. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांच्या कोपराला हात लावून एक पोरगी "कॉमन नाऊन!" म्हणून ओरडली. साहेबांचा चेहरा पडला. सरांनी तिला शाबासकी दिली.

इथपर्यंत ठीक. पण दिवाळी झाली की इथली कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीला, वसईला, आणि पोरांनाही नेतात. तेव्हा सर जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणतात, "एक नाम उचल. होळीला परत आणून दे." मग डस्टर जातं, फूटपट्टी जाते, नकाशाची काठी जाते. मुख्याध्यापकांनी एकदा कपाटाच्या कुलपासाठी शाळा डोक्यावर घेतली. सर शांतपणे म्हणाले, "ते कॉमन नाऊन सध्या वसईला आहे."

"काय हे वेड, सर?" म्हणून मी छेडलं.

"आमचा पोरगा अनिल ठाण्याला गेला, तेव्हा त्याच्या हातात घरातलं काही नव्हतं," ते म्हणाले. "परत द्यायलाच काही नाही, तर कशाला येईल? आपल्या लोकांना दुसऱ्याची वस्तू घरात राहिली तर घास गोड लागत नाही."

आणि खरंच, होळीला पोरं यायची. डस्टर घेऊन, काठी घेऊन.

घंटेची हातोडी बुधीने नेली. बुधवारी जन्मली म्हणून बुधी, आठवीतली सगळ्यात हुशार पोर. तिला दहावी करायचीच, असा सरांनी चंग बांधला होता. होळी झाली, ती आली नाही. एसटी थांबली की सर शिकवता शिकवता फाट्याकडे बघत.

एका दुपारी तिचा बाप आला. हातोडी पुसून फडक्यात बांधलेली.

"सर, ही तुमची वस्तू."

"आणि बुधी?"

"ती नाय आली. तिला तिकडंच ठेवली, शेठचा पोर सांभाळाया. पण वस्तू तं देयाला पाहिजे ना. दुसऱ्याची हाये."

ही माणसं वस्तू बुडवणार नाहीत, एवढं सरांना पक्कं ठाऊक होतं. वस्तू एकटीच परत येईल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

सरांनी फडक्याची गाठ घट्ट केली आणि हातोडी बापाच्या हातात परत दिली.

"मी नाही घेणार. जिने नेली तिनेच आणायची. तिला सांग, शाळेची वस्तू तुझ्याकडे राहिलीय."

 बाप मान खाली घालून, हातोडी काखेत धरून गेला.

मुख्याध्यापक जव्हारहून नवी हातोडी आणायला निघाले, तेव्हा सर आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले, "नवी आणलीत, तर ती कशाला येईल?"

तेव्हापासून रोज सकाळी सर स्वतःच दगड उचलतात.