चिमाबाई कलावंतीण हौदांत उतरली त्याची हकीकत

स्थूल देह असोनही जो आनंदें नाचतो, त्या श्रीगजाननास आधीं नमन, आणि मग जें घडलें तें सांगणें. शके सोळाशें नव्याण्णव, हेमलंबीनाम संवत्सर, चैत्र मास. ते काळीं राज्याच्या गादीवर श्रीमंत बाईसाहेब विराजमान होत्या. त्यांनीं आपल्या महालाचे पहाऱ्यास बायकांचें पथक उभें केलें होतें, आणि पथकासाठीं निराळी तालीम बांधविली होती, आणि तालमींत तांबडे मातीचा हौद, त्या मातीस ताक, तेल, हळद घालून ती मऊ राखीत, आणि पैलवानिणींस सरकारांतून दूध-तुपाचा खुराक मिळे. त्यांची वस्ताद भागूबाई धनगरीण, देहानें आणि जिभेनें सारखीच दणकट. आणि तालमीच्या समोरच नृत्यशाळा होती. तेथें चिमाबाई नामें कलावंतीण, वय अठ्ठावीस, सोळा वर्षें दरबारांत नाचत होती, आणि सोळाही वर्षें तिजमागें राणोजी गुरव पखवाज वाजवीत होता. त्यानेंच तिला सातव्या वर्षापासून शिकविली होती. मागील दसऱ्याचे दरबारांत चिमाबाईचा पाय निसटला आणि ती भर सभेंत पडली. कोणी हसलें नाहीं. परंतु कोणी तिजकडे पुन्हा पाहिलेंही नाहीं, आणि महिनाभर तिला बोलावणें आलें नाहीं. मग ती रोज खिडकींत बसून समोरचा हौद पाहूं लागली.

एके दिवशीं ती राणोजीस म्हणाली, "गुरवबाबा, त्या बायका दिवसांतून पन्नास वेळां पडतात."

"पडणारच. कुस्ती आहे ती."

"पडतात आणि उठतात. आणि जिनें पाडलें तीच हात देते. मला तिथें जायचें आहे."

राणोजी पखवाजाच्या पुडीस कणीक लावून सूर जमवीत होता, तो हात थांबला. मग मी कोणासाठीं वाजवूं, हें त्याचे मनांत आलें, मुखानें मात्र बोलला, "भूक वाढेल तुझी." आणि तोच तिला घेऊन बाईसाहेबांपुढें गेला. बाईसाहेबांनीं ऐकून घेतलें आणि फर्माविलें कीं, वर्षभर तालीम करावी. पुढील चैत्री पौर्णिमेस आमचे समोर भागूबाईशीं लढावें, आणि पाण्यांतलें घटिकापात्र भरून बुडे तोंवर, म्हणजे घटकाभर, चीत होऊं नये. पाठ मातीस लागली तर परत पायांत चाळ बांधावे, आणि मग पुन्हा मागणें मागूं नये.

चिमाबाई हौदांत उतरली तेव्हां भागूबाई म्हणाली, "या, मोराचें पीस आलें, हौद झाडायला बरें. बाई, इथें कंबर लचकली तर शेले मिळत नाहींत, लेप लागतो." चिमाबाई हसली आणि जोर काढूं लागली. तिचे पाय खांबासारखे, दम मोठा, आणि चार महिन्यांत मानही भरली. परंतु एक खोड जाईना. पकड जमली, आतां पाडणार, तोंच ती मान वळवून पूर्वेकडे पाही, आणि भागूबाई मागून धरून तिला आपटी. "अगं, हातांतली मान सोडून कुठें बघतेस? नवरा उभा आहे का तिकडे?" आपण पाहतों हेंच चिमाबाईस ठाऊक नव्हतें. ऐसे आठ महिने गेले.

मग एके सकाळीं राणोजी तालमीच्या दारांत येऊन बसला. कुस्तींतलें त्यास कांहीं कळत नव्हतें, म्हणून तो सवयीनें गुडघ्यावर मात्रा मोजीत राहिला. आणि त्यास दिसलें कीं, मात्रा भरून सम आली कीं चिमाबाईचें तोंड पूर्वेकडे वळतें, आणि पूर्वेकडे दरबारची गादी. त्यानेंच तिला लहानपणीं छडी घेऊन शिकविलें होतें कीं, सम द्यावी ती गादीकडे तोंड करून, गादीस पाठ दाखवील ती कलावंतीण घरीं जाईल. राणोजी उठून घरीं गेला. दोन दिवस तो घरांतून निघाला नाहीं. हें तिला न सांगितलें तर ती हरती, आणि हरली तर त्याच्या पखवाजाकडे परत येती. तिसरे दिवशीं तो आला आणि म्हणाला, "चिमे, तुझा रोग सांपडला. माझाच आहे तो." मग रिकाम्या दरबारांत त्यानें पखवाज मांडला आणि तिला गादीकडे पाठ करून नाचविलें. पहिल्या दिवशीं ती समेआधींच थांबली. "बाबा, हें पाप वाटतें." "वाटूं दे. मी वाजवतों आहे ना." आणि चार महिने तो वाजवीत राहिला.

चैत्री पौर्णिमा आली. बाईसाहेब तालमींत येऊन हौदाच्या पूर्वेस मांडलेल्या गादीवर बसल्या, पात्र पाण्यांत सोडलें, सलामी झाली आणि दोघी भिडल्या. अर्धें पात्र भरलें आणि चिमाबाईनें पकड धरून गादीकडे सरळ पाठ केली. दरबारी मंडळींत कुजबूज झाली. कारभारी उठूं लागले, त्यांस बाईसाहेबांनीं हातानें बसविलें. भागूबाईनें खालीं जाऊन पाय ओढला. परंतु सोळा वर्षें शेर शेर पितळेचे चाळ वागविलेला पाय, तो जागचा हलला नाहीं. पात्र बुडालें. चिमाबाई सोडीना. भागूबाई धापा टाकीत म्हणाली, "सोड गं आतां. बुडालें तें भांडें."

कारभारी म्हणाले, "सरकार, गादीस पाठ दाखविली. बेअदबी झाली."

बाईसाहेब म्हणाल्या, "सोळा वर्षें हिचें तोंड पाहिलें. आतां ही पहाऱ्यास उभी राहणार. पहारेकऱ्याची पाठच धन्यास दिसावी, कारभारी."

येणेंप्रमाणें चिमाबाई पथकांत रुजू झाली आणि तिचा खुराक सुरू झाला. भागूबाईनें तिच्या सुजलेल्या कानास स्वतः हळद लावली. राणोजी गुरवानें दोन दिवस पखवाजाची गवसणी काढिली नाहीं, तिसरे दिवशीं काढिली. लिहिणारानें आयुष्यांत माती अंगास लावलेली नाहीं, तेव्हां वर्णनांत उणें असेल तें जाणत्यांनीं नीट करून घ्यावें. एवढें मात्र खरें कीं, एक बाई आपल्या मर्जीनें एका विद्येंतून दुसरींत गेली, आणि ज्याचें घर रितें होणार होतें तोच तिला वेशीपर्यंत पोंचवावयास गेला.